लिनक्सवर विंडो फरफटत येते, म्हणून ग्राफिक्स कार्ड घ्यायला निघालाय? थांबा जरा

अण्णा, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. सोलापूरच्या पूर्व भागात घरातच जकार्डच्या डिझाइनचं काम करता, चादर आणि टॉवेलच्या नक्षी काढून देता. मशीन सेकंडहँड, चौथ्या जनरेशनचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, त्यावर लिनक्स मिंट एक्सएफसीई आणि स्क्रीन म्हणून ४३ इंची ४के टीव्ही. विंडो ओढली की मागनं फरफटत येते, ब्राउझरमध्ये स्क्रोल केलं की झटके बसतात, टॉपमध्ये (कुठला प्रोग्रॅम प्रोसेसर किती खातोय ते दाखवणारी कमांड) एक्सॉर्ग, म्हणजे पडद्यावर विंडो दाखवणारा प्रोग्रॅम, ९० टक्क्याला, आणि दुपारी तर बघायलाच नको. तीनदा डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा प्रकारच, बदलून बघितला, फरक शून्य. "डायरेक्ट रेंडरिंग येस" दिसतंय म्हणजे ग्राफिक्स ठीकच असणार, मग २ जीबीचं कार्ड टाकू का, असं विचारलंय.

कार्ड घेऊ नका. निदान खालचं सगळं बघेपर्यंत तरी नका.

तुमच्या प्रश्नात मधेच एक ओळ आहे, तुम्ही ती सहज लिहून गेलाय पण मी तिथंच अडकलो. "इन्स्टॉल झाल्यावर स्क्रीन काळीच यायची, मग भाच्यानं ग्रबमध्ये एक शब्द टाकून दिला, तेव्हापासून चालू आहे." ग्रब म्हणजे मशीन चालू होताना लिनक्सला उठवणारा छोटा प्रोग्रॅम, आणि तो शब्द नोमोडसेट असणार, पैज लावतो. आणि तिन्ही डिस्ट्रोला तिन्ही वेळा काळी स्क्रीन आली असणार आणि तिन्ही वेळा भाचा येऊन तोच शब्द टाकून गेला असणार, मग डिस्ट्रो बदलून फरक कुठनं पडणार ओ.

नोमोडसेट म्हणजे कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, सांगायचं की ग्राफिक्सच्या चिपला हात लावू नकोस, मशीन चालू होताना बायॉसनं जो पडदा लावून दिलाय त्याच्यावरच भागव. स्क्रीन दिसायला लागते हे खरं, पण इंटेलचा आय९१५ ड्रायव्हर लोडच होत नाही आणि मग पडद्यावरचा एकेक पिक्सेल प्रोसेसर स्वतः रंगवत बसतो. मागाची मोटर बंद करून धोटा हातानं फेकल्यासारखं आहे ते, कापड निघतं पण निघून निघून किती निघणार. हिशोब सोपा आहे, ४के सोडा, साधं १०८० धरलं तरी १९२० गुणिले १०८० पिक्सेल, प्रत्येकाला ४ बाइट, म्हणजे एक अख्खं चित्र ८३ लाख बाइटचं. सेकंदाला ६० चित्रं म्हटली की झाले ५०० एमबी, तेही फक्त एकदा रंगवायचे, एकावर एक चार विंडो, त्यांच्या सावल्या, अर्धपारदर्शक मेनू हे वेगळंच. एका चित्राला हातात वेळ १६.७ मिलीसेकंद. चिप जागी असेल तर तिला हे किरकोळ काम आहे, प्रोसेसरला मात्र घाम फुटतो, आणि तोच घाम तुम्हाला टॉपमध्ये एक्सॉर्ग ९० टक्के म्हणून दिसतोय.

आता हे खरंच असंच आहे का ते तपासू, माझ्या पैजेवर जाऊ नका. कमांड मी इथं उच्चाराप्रमाणे लिहितोय, टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरात करा. मेसा-युटिल्स नावाचं पॅकेज टाका आणि टर्मिनलमध्ये जीएलएक्सइन्फो, स्पेस, डॅश, बी द्या, हा बी मात्र कॅपिटल. पानभर माहिती येईल, त्यात ओपनजीएल रेंडरर अशी ओळ शोधा. तिथं "मेसा इंटेल एचडी ग्राफिक्स" असं काही आलं, तुमच्या चिपला बहुतेक ४६०० येईल, तर चिप जागी आहे. तिथं "एलएलव्हीएमपाइप" आलं तर संपलं, प्रोसेसर रंगवतोय. त्याच्याच वर ॲक्सिलरेटेड अशी एक ओळ असते, तिच्यापुढं नो असेल.

आणि त्या डायरेक्ट रेंडरिंगच्या ओळीनं मी स्वतः एकेकाळी दोन दिवस घालवलेत म्हणून जरा सविस्तर सांगतो. जुन्या जुन्या माहितीत सगळीकडं लिहिलेलं असतं की येस आलं म्हणजे ग्राफिक्स चालू. डायरेक्ट म्हणजे प्रोग्रॅम एक्स सर्व्हरला (तोच तो एक्सॉर्ग) मधे न घेता चित्र काढतोय, बस. कशानं काढतोय, चिपनं की प्रोसेसरनं, ते ही ओळ सांगतच नाही. एलएलव्हीएमपाइपवर पण येसच येतं! तसंच जीएलएक्सगिअर्स या फिरणाऱ्या गिअरच्या टेस्टचं. ग्राफिक्स नीट चालू असलं की ती स्क्रीनच्या वेगाला बांधली जाते आणि ६० च्या आसपास आकडा दाखवते, आणि प्रोसेसर रंगवत असला की बांधणी सुटते आणि ती छोटी विंडो कित्येकदा तीनशे-चारशे दाखवते. माणूस म्हणतो वा, चारशे आले, मशीन तुफान आहे. उलटं आहे ते. मी त्या गिअरकडं बघणंच सोडून दिलंय.

एलएलव्हीएमपाइपला शिव्या देऊ नका मात्र. चिप चालली नाही तर असावी म्हणून मेसामध्ये ठेवलेली ती स्टेपनी आहे. मेसा ही चित्र काढून देणारी लायब्ररी ब्रायन पॉल यांनी १९९३ मध्ये सुरू केली तेव्हा सगळं सॉफ्टवेअरमध्येच रंगवायची, चिपचे ड्रायव्हर नंतर येत गेले. स्टेपनी टाकून पंढरपूर गाठता येतं, पण रोज स्टेपनीवरच फिरत असाल आणि गाडी डुगडुगते म्हणून नवीन इंजिन शोधत असाल तर काय म्हणायचं. अजून एक पुरावा पाहिजे तर टॉप उघडा आणि शिफ्ट दाबून एच दाबा, म्हणजे आतले धागे वेगळे दिसतात, त्यात एलएलव्हीएमपाइप-शून्य, एलएलव्हीएमपाइप-एक अशी नावं वर नाचताना दिसली तर प्रत्यक्ष चोर सापडला. आणि डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये रिझोल्यूशनचा एकच पर्याय दिसतो, दुसरा निवडताच येत नाही, ही पण नोमोडसेटची नेहमीची खूण आहे.

आता तो शब्द काढायचा, पण एकदम कायमचा काढू नका, नाहीतर काळी स्क्रीन आली की परत भाच्याला हाक. आधी एका बूटपुरता काढून बघा. मशीन चालू करताना ग्रबचा मेनू आणा, मिंटमध्ये तो लपलेला असतो, जुन्या बायॉसवर शिफ्ट दाबून धरायचं आणि यूईएफआयवर (बायॉसचा नवा अवतार) एस्केप. मेनूत पहिल्या ओळीवर असताना ई दाबा, लिनक्स या शब्दानं सुरू होणारी लांबलचक ओळ दिसेल, तिच्या शेवटाकडं तो शब्द असेल, तेवढाच पुसा आणि एफ-टेन दाबा. हा बदल एकदाच लागू होतो, बिघडलं तर मशीन बंद करून चालू केलं की पहिल्यासारखं.

स्क्रीन नीट आली तर मग इटीसी मधल्या डिफॉल्ट फोल्डरातली ग्रब फाइल सुडो लावून उघडायची, तिथनं तो शब्द काढायचा, सेव्ह करून सुडो अपडेट-ग्रब. झालं. रेंडररची ओळ परत बघा, इंटेलचं नाव आलं पाहिजे.

काळी आली तर? मला वाटतंय तुमच्याकडं येणारच, कारण मुळात ती काळी का यायची हे कुणी बघितलेलंच नाही. असल्या ऑफिसातनं निघालेल्या सेकंडहँड मशीनच्या मागं बहुतेक वेळा व्हीजीए आणि डिस्प्लेपोर्ट असतात, एचडीएमआय नसतो, मग माणूस शे-दीडशेचा कन्व्हर्टर लावतो. टीव्ही केबलमधनं मशीनला सांगत असतो की मी कोण, मला कुठलं रिझोल्यूशन झेपतं, त्याला ईडीआयडी म्हणतात, आणि स्वस्तातला कन्व्हर्टर ही चिठ्ठी मधेच गिळतो किंवा अर्धवट पोचवतो. ड्रायव्हर मग टीव्हीला न झेपणारं काहीतरी पाठवतो, टीव्ही म्हणतो नो सिग्नल. मशीन आत व्यवस्थित चालू असतं! शेजारचा साधा मॉनिटर व्हीजीएनं लावून एकदा चालू करून बघा, त्याच्यावर दिसलं की कन्व्हर्टर फेकायचा, प्रश्न मिटला. कन्व्हर्टर बदलेपर्यंत काम अडायला नको म्हणून ग्रबच्या त्याच ओळीत नोमोडसेटच्या जागी व्हिडिओ, बरोबरचं चिन्ह, पोर्टचं नाव, कोलन आणि १९२०x१०८०@६० असं टाकता येतं, म्हणजे ड्रायव्हर पण जागा राहतो आणि रिझोल्यूशन पण तुम्ही ठरवलेलं. पोर्टचं नाव सिस, क्लास, डीआरएम या फोल्डरात बघायला मिळतं, कार्डझिरो-डॅश च्या पुढं जे असतं ते.

शब्द काढूनही एलएलव्हीएमपाइपच येत असेल तर उरलेले संशयित दोन-तीनच आहेत. भाच्यानं इटीसी मधल्या एक्स-इलेव्हन फोल्डरात एक्सॉर्ग डॉट कॉन्फ नावाची फाइल करून त्यात वेसा किंवा एफबीडेव्ह हा चिप न वापरणारा साधा ड्रायव्हर लिहून ठेवला असेल, ती फाइल दुसरीकडं हलवा, आजकाल या फाइलीची गरजच लागत नाही. किंवा होम फोल्डरातल्या प्रोफाइल फाइलीत लिबजीएल-ऑलवेज-सॉफ्टवेअर बरोबर १ असं काही लिहिलेलं असेल, ती ओळ काढा. नाहीतर डीमेसेज मध्ये (कर्नलचे संदेश दाखवणारी कमांड, टाइप करताना डी-एम-ई-एस-जी) फर्मवेअर फेल्ड शोधा, फर्मवेअर म्हणजे चिपला सुरुवातीला भरवायची छोटी फाइल, इंटेलच्या तुमच्या चिपला हे सहसा नडत नाही, एएमडीवाल्यांना फार नडतं, विशेषतः डेबियनवर जुन्या पद्धतीनं इन्स्टॉल केलेल्यांना. डेबियन १२ पासून, म्हणजे २०२३ पासून, इन्स्टॉलरमध्येच हे फर्मवेअर येतं म्हणून त्रास कमी झालाय. एक्सॉर्गच्या लॉगमध्ये ग्लॅमर, म्हणजे एक्सॉर्गला चिपकडनं रंगवून घ्यायला लावणारा भाग, हा शब्द शोधायची सवय लावून घ्या, "ग्लॅमर एक्स ॲक्सिलरेशन एनेबल्ड" दिसलं की बरं, "रिफ्यूजिंग टू ट्राय ग्लॅमर" दिसलं की गाडी अजून स्टेपनीवरच.

हे सगळं जमलं की विंडो लोण्यासारखी सरकायला पाहिजे, पण तुमच्या केसमध्ये लगेच दुसरी तक्रार येणार, आत्ताच सांगून ठेवतो. ड्रायव्हर जागा झाला की तो टीव्हीचं पूर्ण ४के पकडणार. आणि तुमच्या चिपचा एचडीएमआय १.४ चा, त्याच्यातनं ४के सेकंदाला ३० वेळाच जातं. व्हिडिओ बघताना कळत नाही पण माउस हलवला की बोट पुढं आणि बाण मागं असं वाटतं, लोक परत म्हणतात ग्राफिक्स स्लो. एक्सरँडआर कमांड द्या, चालू असलेल्या मोडपुढं चांदणी असते, तिथं ३० दिसलं की हेच. ४के ला ६० पाहिजे तर डिस्प्लेपोर्ट १.२ मधनं जातं, म्हणजे त्याला तसला टीव्ही-मॉनिटर आणि चांगला ॲक्टिव्ह कन्व्हर्टर पाहिजे. माझं मत विचाराल तर १०८० ला ६० ठेवा आणि मोकळे व्हा. जकार्डचा ग्राफ तुम्ही तसाही झूम करून चौकटी मोजतच काम करणार, ४के चा बारीकपणा तिथं वाया. टीव्हीच्या मेनूत जाऊन गेम मोड पण लावा, चित्र गुळगुळीत करायच्या नादात टीव्ही स्वतः उशीर लावतो, त्यात लिनक्सचा काही दोष नाही.

आता दुपारचं. सकाळी बरं चालतं आणि दुपारी रखडतं म्हणालात, हे ड्रायव्हरचं लक्षण नाही, हे आपल्या गावाचं लक्षण आहे. एप्रिल-मे मध्ये पारा ४२-४३ ला, पत्र्याची खोली, शेजारी माग चालू. अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात मला असंच बोलावलं होतं, ऑफिसातलं मशीन जेवणानंतर चालतच नाही म्हणून. कॅबिनेट उघडलं तर पंखा फिरतोय, आवाज बरोबर, वरनं सगळं स्वच्छ. पंख्याचे चार कोपरे सोडवून तो उचलला आणि खाली बघितलं तर हिटसिंकच्या पात्या दिसेचनात, कापसाची मऊ करडी धूळ बसून बसून नमद्यासारखी घट्ट झालेली. नखानं कडेला उचलली तर एक अख्खा तुकडाच सुटून आला, पंख्याच्या आकाराचा गोल. मालक म्हणाले हा आमचाच माल की. पंखा वारा मारत होता तो सगळा या गादीवर, पात्यांपर्यंत काहीच पोचत नव्हतं. साफ करून नवीन पेस्ट लावल्यावर त्याच दुपारी तापमान नव्वदीच्या पुढनं साठीत आलं.

प्रोसेसर आणि तुमची ग्राफिक्स चिप एकाच सिलिकॉनवर आहेत, एक तापला की दोघांचा वेग उतरतो, म्हणून ग्राफिक्स स्लो वाटतं. दुपारी दोनला सेन्सर्स कमांड देऊन आकडा बघा आणि डीमेसेज मध्ये थ्रॉटल्ड (तापल्यामुळं वेग उतरवला) शब्द शोधा, सापडला की स्क्रू-ड्रायव्हर काढा. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटानं धरून ठेवा, मोकळी सोडली की भन्नाट फिरते आणि बेअरिंग जातं. थर्मल पेस्ट मुगाच्या दाण्याएवढी बास, लोक तूप लावल्यासारखी थापतात. आणि कॅबिनेट जमिनीवर ठेवू नका, सगळी धूळ तिथंच असते.

रॅमचं पण बघून घ्या, सुडो डीएमआयडीकोड देऊन मेमरीचा भाग वाचा. ८ जीबीची एकच काडी असेल, सेकंडहँडमध्ये बहुतेक तशीच देतात, तर वेगळं कार्ड नसलेल्या मशीनला तो मोठा तोटा आहे कारण चिप हीच रॅम वाटून घेते. डीडीआर३-१६०० ची एक काडी सेकंदाला १२.८ जीबी देते, दोन काड्या दोन चॅनलला लावल्या की २५.६. कार्डाचे पैसे बाजूला काढले असतील तर त्यातल्या थोड्याशा पैशात तसलीच दुसरी काडी येते, फायदा जास्त. शिवाय हार्डडिस्क जुनी फिरती असेल आणि ब्राउझरचे वीस टॅब उघडे असतील तर फ्री डॅश एच देऊन स्वॅप (रॅम भरली की डिस्कवर वापरली जाणारी जागा) बघा, स्वॅप भरत असेल तर ते अडखळणं डिस्कचं आहे, ग्राफिक्सचा संबंध नाही. यावर जास्त लिहीत नाही, एसएसडी टाका.

कार्ड नको म्हणालो त्याचं खरं कारण आता. तुम्ही इंकस्केप या चित्र काढायच्या प्रोग्रॅममध्ये नक्षी काढता. इंकस्केप कॅनव्हास प्रोसेसरवर रंगवतो, कार्ड कितीही जीबीचं असू दे. मी स्वतः एकदा एका डिझाइनवाल्याला कार्ड घ्यायला लावलं होतं, बसवलं, त्याची फाइल उघडली, आणि ब्लर लावलेलं फूल सरकवलं तर पहिल्याइतकंच रखडलं. तोंड बघण्यासारखं झालं होतं दोघांचंही. फरक पडला तो शेवटी प्रेफरन्समध्ये रेंडरिंगच्या पानावर ब्लर आणि फिल्टरची क्वालिटी खाली आणल्यावर, आणि काम करताना आउटलाइन मोड वापरायला शिकवल्यावर, म्हणजे फुकटात. ही क्वालिटी फक्त पडद्यापुरती असते, एक्स्पोर्टला धक्का लागत नाही. आणि स्वस्तातलं जुनं एनव्हिडियाचं कार्ड लिनक्सवर आणखी एक डोकेदुखी आणतं, कंपनीचा ड्रायव्हर जुन्या कार्डांना सोडत जातो, आणि नूव्हो नावाचा मोकळा ड्रायव्हर बऱ्याच कार्डांना चालू होतानाच्या कमी वेगावरच चालवतो. त्यापेक्षा तुमची इंटेलची चिप बरी.

ब्राउझरचं थोडक्यात. फायरफॉक्समध्ये अबाउट कोलन सपोर्ट उघडा, कॉम्पोझिटिंगपुढं नुसतं वेबरेंडर पाहिजे, कंसात सॉफ्टवेअर असेल तर तो पण प्रोसेसर रंगवतोय, ड्रायव्हर जागा झाला की बहुतेक आपोआप जातं. यूट्यूब मात्र तरीही तापवेल, कारण तुमच्या जनरेशनच्या चिपला व्हीपी९ या प्रकारचा व्हिडिओ हार्डवेअरमध्ये उघडता येत नाही, एच२६४ प्रकारचा येतो. एच२६४ च मागायला लावणारी एक्स्टेन्शन मिळतात, ती टाका.

खाली प्रतिक्रियांत एकानं फ्रीबीएसडीवर (लिनक्ससारखीच पण वेगळी ऑपरेटिंग सिस्टिम) असंच होतंय म्हणून विचारलंय, त्यांना एवढंच, की तिथं ड्रायव्हर वेगळा टाकावा लागतो, डीआरएम-केमॉड नावाचं पॅकेज, मग आरसी डॉट कॉन्फ मध्ये केएलडी-लिस्टला आय९१५केएमएस, एएमडी असेल तर एएमडीजीपीयू, आणि स्वतःला व्हिडिओ ग्रुपमध्ये घालायचं. हा ग्रुप राहिला की ड्रायव्हर असूनही एलएलव्हीएमपाइपच मिळतो, आणि सिस्टिम अपग्रेड केल्यावर मॉड्यूल कर्नलशी जुळेनासं झालं तर ते पोर्ट्समधनं परत बांधून घ्या.

अण्णा, तुम्ही आता एवढं करा. आज रात्री माग बंद झाल्यावर एका बूटपुरता तो शब्द काढून बघा, रेंडररची ओळ आणि एक्सरँडआरची चांदणीवाली ओळ लिहून पाठवा, उद्या दुपारी दोनचा सेन्सर्सचा आकडा पाठवा, आणि मशीनच्या मागच्या बाजूचा एक फोटो, कन्व्हर्टर दिसेल असा. भाचा आलाच तर ग्रबची फाइल उघडायच्या आधी तिची एक कॉपी करून ठेवायला सांगा त्याला.